मौल्यवान धातूंचे क्षार तापवल्यावर नेमके काय होते?

आपण सांगली जिल्ह्यातल्या विटा परिसरातून बाहेर पडून दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान चालवता आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सोने, चांदी, प्लॅटिनम हे धातू कशाशीही घट्ट बांधले जात नाहीत, त्यामुळे त्यांचा कोणताही क्षार मुशीत घालून तापवला की धातू मोकळा होतो, असे आपण ऐकले होते, मग वाळवलेले सिल्व्हर क्लोराइड टाकणखारासह (बोरॅक्ससह) वितळवल्यावर चांदी हिशेबापेक्षा इतकी कमी का भरली? त्याच्याच जोडीला आपण विचारले आहे की, आम्लराजातले, म्हणजे नायट्रिक आणि मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लाच्या मिश्रणातले, सोन्याचे द्रावण आटवून, सुकवून थेट भट्टीत घालावे का, आणि प्लॅटिनमच्या पिवळ्या क्षाराला आच किती व कशी द्यावी.

आपण जे ऐकले ते अर्धेच खरे आहे. क्षार आचेने मोडतो की नाही, हे केवळ धातूच्या स्वभावावर ठरत नाही. धातूशी जोडलेला दुसरा घटक कोणता आहे, तो वायू होऊन निघून जाऊ शकतो का, आणि तो निघण्याआधी अख्खा क्षारच वाफ होऊन उडतो का, या तीन गोष्टींवर ते ठरते. तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि भट्टीतली खरी घट बहुधा तिथेच होते.

चांदीचे ऑक्साइड आणि क्लोराइड शेजारी ठेवून पाहिले की हे लगेच लक्षात येते. चांदीची ऑक्सिजनवरची पकड इतकी ढिली असते की, सुमारे १९० अंश सेल्सिअसला तिच्या ऑक्साइडातून निघू पाहणाऱ्या ऑक्सिजनचा दाब एका वातावरणाइतका होतो. प्रत्यक्षात ही क्रिया त्या तापमानाला फार मंद चालते, म्हणून कामासाठी २५० ते ३०० अंश लागतात. पण तेवढ्यावर काळपट तपकिरी भुकटी करडी पडते आणि मागे निखळ चांदी राहते. वजनाने पाहिल्यास या ऑक्साइडात ९३ टक्के चांदी असते. सिल्व्हर कार्बोनेटचे तसेच आहे: आधी कार्बन डायऑक्साइड निघतो, उरलेले ऑक्साइड नंतर मोडते. क्लोराइडाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. ते ४५५ अंशांना वितळते, पिवळट पातळ द्रव होते, आणि त्यानंतर कितीही तापवले तरी केवळ आचेने त्यातला क्लोरीन सुटत नाही. साधारण १५५० अंशांना ते उकळू लागते, म्हणजे मोडण्याऐवजी जसेच्या तसे उडून जाते.

क्लोरीनच्या एका अणूमागे हिशेब केला, तर चांदीच्या क्लोराइडाची बांधणी सोन्याच्या क्लोराइडापेक्षा सुमारे तिप्पट मजबूत आहे. या फरकाचा उत्तम उपयोग सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस बॉयर मिलर यांनी १८६७ मध्ये करून दाखवला. अशुद्ध सोने सुमारे ११०० अंशांना वितळवून त्यातून त्यांनी क्लोरीन वायू सोडला. त्या तापमानाला सोन्याचे क्लोराइड टिकूच शकत नाही, म्हणून सोने जागचे हलत नाही. तांबे, जस्त, शिसे आणि चांदी मात्र क्लोराइड होऊन वेगळे होतात आणि चांदीचे वितळलेले क्लोराइड वर तरंगते. आजही मोठे शुद्धीकरण कारखाने हीच पद्धत वापरतात. ज्या आचेत सोन्याचे क्लोराइड क्षणभर टिकत नाही त्याच आचेत चांदीचे क्लोराइड सुखाने तयार होते, हे लक्षात घेतले की आपली चांदी कमी का भरली याचे निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार मळ विरघळवतो आणि धातूवर आवरण धरतो. क्लोरीनला बांधून ठेवेल असा मोकळा सोडियम तो देत नाही. त्यामुळे आपल्या मुशीत चांदी वितळण्याइतकी, म्हणजे ९६२ अंशांच्या वरची आच चढली तेव्हा क्लोराइडाचा काही भाग पांढऱ्या धुराच्या रूपाने गेला, काही मुशीच्या भिंतीत जिरला, कारण वितळलेले क्लोराइड अतिशय पातळ असते आणि बारीकशा छिद्रांतही शिरते, आणि काही टाकणखाराच्या मळीखाली थिजून राहिले. ती मळी फोडून पाहा. तिच्या खाली करडा किंवा जांभळट, शिंगासारखा चिवट आणि चाकूने कापता येणारा थर दिसला, तर तेच आपले न मोडलेले क्लोराइड आहे. हातात येणाऱ्या चांदीचे जे थोडे मणी आपल्याला मिळाले, ते बहुधा भट्टीतल्या कोळशातून आलेल्या वायूंनी आणि मुशीतल्या ग्रॅफाइटने केलेल्या कामाचे फळ आहे, निव्वळ आचेचे नव्हे.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे धुण्याचा सोडा, अर्थात सोडियम कार्बोनेट. सोड्यातला सोडियम क्लोरीन घेतो आणि साधे मीठ बनतो. क्लोरीन गेल्यावर चांदीला जे कार्बोनेट किंवा ऑक्साइड होणे शक्य असते ते त्या आचेत टिकत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन निघून जातात आणि चांदी खाली बसते. हिशेबाने १०० ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडाला ३७ ग्रॅम सोडा लागतो आणि ७५.३ ग्रॅम चांदी मिळते. प्रत्यक्षात सोडा क्लोराइडाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे ५५ ते ६० ग्रॅम घ्यावा. दोन्ही पूर्ण वाळवून, खलून एकजीव केले पाहिजेत, आणि मूस निम्म्याहून जास्त भरू नये, कारण वायू सुटताना मिश्रण फुगून वर येते. आच हळूहळू चढवावी. फसफस थांबून मळी शांत झाल्यावरच ती चांदी ओतण्याच्या तापमानापर्यंत न्यावी. घाई केली तर क्लोराइड सोड्याशी भिडण्याआधीच उडू लागते आणि मग सोडा घालूनही घट येते, ज्याचा दोष लोक सोड्याला देतात.

माझे मत विचाराल, तर सिल्व्हर क्लोराइडाला भट्टीपर्यंत नेऊच नये. त्याचा साका, म्हणजे द्रावणातून खाली पडलेला गाळ, नीट धुऊन ओला असतानाच त्यात कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण घालून ढवळत राहिले की, पांढरा दह्यासारखा साका काळपट ऑक्साइड होतो. मग थोडे थोडे ग्लुकोज घातले की करडी चांदी मिळते. ती धुऊन, वाळवून वितळवली की मुशीत जायला क्लोराइड उरतच नाही. त्याऐवजी सौम्य आम्लात लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे घालूनही हेच काम होते, पण मग उरलेला लोखंड-जस्ताचा कण न् कण काढत बसावे लागते.

सिल्व्हर नायट्रेट या बाबतीत मध्यम स्वभावाचे आहे आणि त्याचा हा मध्यमपणाच कामाला येतो. ते २१२ अंशांना वितळते, पण मोडायला ४४० अंशांच्या पुढे जावे लागते. मोडताना तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड व ऑक्सिजन निघतो आणि क्षाराच्या वजनाच्या ६३.५ टक्के चांदी मागे राहते. तांब्याचे नायट्रेट मात्र २५० अंशांच्या आसपासच मोडून काळे कॉपर ऑक्साइड होते. या दोन तापमानांमधली फट मोठी आहे, म्हणून तांबेमिश्रित चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून मिळालेले हिरवे-निळे द्रावण केवळ आचेवर शुद्ध करता येते आणि रासायनिक प्रयोगशाळांनी ही युक्ती पूर्वीपासून वापरली आहे.

ती करताना काय दिसते ते सांगतो. द्रावण चिनी मातीच्या रुंद वाडग्यात आटवले की आधी निळसर खडे जमतात, मग ते वितळून हिरवट रस होतो. आच जपून वाढवली की रसाच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात, बुडबुडे येतात, तपकिरी धूर निघतो, आणि पाहता पाहता सगळा रस शाईसारखा काळा होतो. धूर मंदावला की काचेच्या कांडीच्या टोकाने एक थेंब उचलावा, चमचाभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा, काळे कण गाळून टाकावेत आणि गाळलेल्या पाण्यात अमोनियाचे दोन-चार थेंब घालावेत. किंचितही निळसर झाक आली तर तांबे शिल्लक आहे, आच आणखी थोडा वेळ चालू ठेवावी; पाणी स्वच्छ राहिले तर काम झाले. मग रस थंड करून पाण्यात विरघळवला की काळे कॉपर ऑक्साइड गाळणीवर राहते आणि सिल्व्हर नायट्रेट खाली उतरते. तपासणीचे ते अमोनिया घातलेले पाणी साठवून ठेवू नये, लगेच आम्लयुक्त करून टाकावे. कारण पुढे येईल.

सल्फेट आणि सल्फाइड यांच्यावर फार वेळ घालवायला नको. सिल्व्हर सल्फेट ६५० अंशांच्या थोडे पुढे वितळते आणि मोडण्यासाठी बरीच चढी आच मागते. कोळशाची पूड बरोबर दिली तर काम पुष्कळ सोपे होते. एक्स-रे फिल्मच्या फिक्सरमधून जो काळा गाळ येतो तो बहुतांशी सल्फाइड असतो. मोकळ्या हवेत भाजला की त्यातले गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन जाते, किंवा सोडा आणि लोखंडाचे तुकडे घालून वितळवला की गंधक लोखंडाकडे जाते.

आता सोन्याकडे येऊ. सोन्याचे क्लोराइड सहज मोडते, हे आपण ऐकलेले इथे खरे आहे. ऑरिक क्लोराइड १६० अंशांच्या पुढे क्लोरीन सोडत ऑरस क्लोराइड होते आणि आणखी शंभरेक अंश चढवल्यावर उरलेला क्लोरीनही जाऊन सोने राहते. अडचण अशी की याच टप्प्यात ऑरिक क्लोराइड स्वतःही वाफ होऊन उडू शकते, आणि ज्या हवेत क्लोरीन भरलेला असतो त्या हवेत ते अधिक सहज उडते. मोडताना तोच क्षार स्वतःभोवती क्लोरीनची हवा तयार करतो, म्हणजे आपल्याच सोन्याला बाहेर जायला वाट करून देतो. द्रावण आटवताना काचपात्राच्या काठावर पिवळ्या धातूची झिलई दिसू लागली की कडेची आच जास्त झाली, असे समजावे. झिलई स्वतः गेलेली नसते, ती खरवडून मिळते. पण तिच्यासोबत जे धुराड्यात गेले ते परत मिळवायला धुराडेच झाडावे लागते, आणि जुन्या दुकानांच्या धुराड्यांतली व जमिनीवरली माती झारेकरी, म्हणजे ती धुऊन सोने काढणारे, विकत घेतात ते उगाच नाही.

म्हणून आम्लराजातले सोने कधीही थेट भट्टीत सुकवू नये. द्रावण पाण्याच्या वाफेवर किंवा तितक्याच मंद आचेवर घट्ट होईपर्यंत आटवावे, मिठाच्या आम्लाचे थोडे थोडे भाग घालून नायट्रिक काढून टाकावे, मग पाणी घालून पातळ करावे, खाली बसलेले सिल्व्हर क्लोराइड गाळून घ्यावे आणि सोडियम मेटाबायसल्फाइट देऊन सोने खाली पाडावे. हिशेबाने १०० ग्रॅम सोन्याला सुमारे ७२ ग्रॅम मेटाबायसल्फाइट पुरते, पण नायट्रिकचा अंश राहिला असेल तर तो आधी त्यावरच खर्च होतो आणि सोने परत विरघळते, त्यामुळे नायट्रिक घालवण्याचा कंटाळा करू नये. पडलेली तपकिरी भुकटी गरम पाण्याने इतकी धुवावी की, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर ते दुधाळ होणार नाही. ही शेवटची तपासणी अनेक जण वगळतात. भुकटीत अडकलेले क्लोराइड मग मुशीत थोडेसे सोने आणि बरीचशी चांदी घेऊन जाते. गाळणीचा कागद जाळायचा असल्यास तो आधी धुऊन, मंद आचेवर कोळसा होऊ देऊन मगच लाल आचेत न्यावा.

प्लॅटिनमचा पिवळा क्षार म्हणजे अमोनियम हेक्झाक्लोरोप्लॅटिनेट. प्लॅटिनमच्या द्रावणात नवसागर (अमोनियम क्लोराइड) घातला की तो पडतो. या क्षाराची खुबी अशी की त्यात प्लॅटिनम सोडून जे काही आहे ते सगळे आचेने उडून जाणारे आहे: नवसागर, हायड्रोजन क्लोराइड आणि नायट्रोजन. अमोनियममधला हायड्रोजनच क्लोरीनला बांधून नेतो, त्यामुळे बाहेरून काहीही न घालता धातू मिळतो. नवसागराऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरून पिवळा साका पाडला, तर तापवल्यावर प्लॅटिनममध्ये पोटॅशियम क्लोराइड तसेच राहते आणि ते धुऊन काढावे लागते. म्हणजे जोडीदार निवडणे हे इथे आचेपेक्षाही महत्त्वाचे ठरते.

पण या क्षारात प्लॅटिनम अवघे ४४ टक्के असते. वजनाचा निम्म्याहून मोठा भाग धूर होऊन जायचा असतो. आच एकदम दिली तर तो धूर इतक्या जोराने सुटतो की, प्लॅटिनमचे बारीक कण आणि न मोडलेला क्षारही सोबत उडतो. साका आधी ११० अंशांच्या आसपास पूर्ण वाळवावा. मग झाकण ठेवलेल्या, निम्म्याहून कमी भरलेल्या चिनी मातीच्या किंवा सिलिकाच्या मुशीत घालून ३५० ते ४०० अंशांपर्यंत अगदी सावकाश न्यावा आणि पांढरा धूर पूर्ण थांबेपर्यंत तिथेच राखावा. भुकटीचा पिवळा रंग जाऊन ती करडी, हलकी, स्पंजासारखी होते. त्यानंतर ७०० ते ८०० अंश दिले की उरलासुरला क्लोरीन निघतो. विल्यम हाइड वोलास्टन यांनी घडण्याजोगे प्लॅटिनम बनवण्याची आपली पद्धत मृत्यूपूर्वी थोडेच दिवस जाहीर केली आणि ती १८२९ मध्ये छापून आली. तीतही त्यांचा भर यावरच होता की नवसागर जेमतेम निघून जाईल इतकीच मंद आच द्यावी, म्हणजे कण एकमेकांना चिकटून कडक होणार नाहीत आणि पुढे दाबून एकसंध करता येतील. आपल्याला प्लॅटिनम घडायचे नसले, विकायचे असले, तरी मंद आचेचा नियम तोच. कारण वेगळे, घट टाळण्याचे.

पॅलॅडियमचा क्षार याच रीतीने मोडतो, पण मागे राहिलेला स्पंज उघड्या हवेत थंड होताना निळसर-जांभळा पडला तर घाबरू नये. पॅलॅडियम मधल्या तापमानात हवेतला ऑक्सिजन घेते आणि ते ऑक्साइड हवेत ८०० अंशांच्या पुढेच मोडते. फॉर्मिक आम्लाने स्पंज पुन्हा करडा होतो. ऑस्मियमच्या वाटेला मात्र गलाईच्या दुकानाने जाऊच नये, कारण ते हवेत तापवले की अत्यंत विषारी टेट्रॉक्साइड होऊन उडते.

धोक्यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण या कामात नुकसान चांदीपुरते राहत नाही. पहिली गोष्ट अमोनिया: चांदीच्या ऑक्साइडावर किंवा सोन्याच्या द्रावणात अमोनिया पडला तर जो काळा किंवा पिवळट साका बनतो तो वाळल्यावर नुसत्या घासण्यानेही फुटू शकतो. अमोनिया मिसळलेले चांदीचे द्रावण रात्रभरही ठेवू नये, तपासणीचे पाणी लगेच टाकायला सांगितले ते याचसाठी. सिल्व्हर ऑक्झलेट हेही तसेच. ते साधारण १४० अंशांना एकदम स्फोट होऊन चांदी व कार्बन डायऑक्साइड होते, म्हणून ऑक्झॅलिक आम्लाने चांदी पाडून ती वाळवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो पाळू नये. सोन्याच्या बाबतीत ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, कारण तिथे सोने थेट धातूरूपात पडते.

दुसरी गोष्ट मुलाम्याचे क्षार. पोटॅशियम गोल्ड सायनाइडात ६८ टक्के सोने असते, त्यामुळे जुने मुलाम्याचे पाणी आटवून मुशीत घालण्याचा मोह होतो. सायनाइडावर आम्ल पडले तर प्राणघातक वायू निघतो हे बहुतेकांना माहीत असते. पण सायनाइड आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट) एकत्र तापवले तर मिश्रणाचा स्फोट होतो, हे फार थोड्यांना माहीत असते, आणि गलाईत मळ कापायला सोरा घालण्याची सवय हाताला लागलेली असते. मुलाम्याचे पाणी ज्यांच्याकडे ते मोडण्याची योग्य सोय आहे त्यांनाच द्यावे.

तिसरी गोष्ट नायट्रेटचा तपकिरी धूर. तो घशाला लगेच फारसे जाणवू देत नाही आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरू लागते, म्हणून रात्री धाप लागली तर सकाळी तांब्याचे नायट्रेट मोडले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्लॅटिनमच्या पिवळ्या क्षाराची सुकी धूळ वारंवार श्वासात गेली, तर काहींना कायमचा दमा जडतो आणि मग अगदी थोडी धूळही सोसत नाही. तो ओला असतानाच हाताळावा, हातमोजे आणि धूळरोधक मास्क वापरावा.

राहता राहिली आपली न भरलेली चांदी. ती सगळी गेलेली नाही. आपली जुनी मूस आणि टाकणखाराची मळी दोन्ही फोडून, बारीक कुटून घ्यावी. चांदीचे मणी चाळून वेगळे काढावेत. उरलेल्या पुडीत तिच्या वजनाइतका वाळवलेला धुण्याचा सोडा आणि शंभर ग्रॅम पुडीमागे दोन-तीन ग्रॅम कोळशाची पूड मिसळून नव्या मुशीत, निम्म्याहून कमी भरून, सावकाश तापवावे. फसफस थांबल्यावर आच चढवून लगड ओतावी आणि मळी थंड झाल्यावर तिचा एक तुकडा पाण्यात टाकून पाहावा. तो विरघळून तळाला करडे मणी दिसले तर मळी पुन्हा कुटून धुवावी. पांढरा, उजेडात जांभळट पडणारा गाळ दिसला तर क्लोराइड अजून शिल्लक आहे आणि आणखी थोडा सोडा घालून तीच मळी परत मुशीत न्यावी लागेल.